वीजमीटर आणि वीजदेयक : जर्मनीतील परिभाषेची ओळख

जर्मनीत भाड्याच्या घराची किल्ली हाती येते त्या दिवशी घरमालक आणि भाडेकरू एका कागदावर स्वाक्षऱ्या करतात. त्याला ‘यूबरगाबेप्रोटोकोल’, म्हणजे हस्तांतरणाची नोंद, असे म्हणतात. भिंतीवरचे ओरखडे, खिडक्यांची अवस्था आणि किल्ल्यांची संख्या यांच्या खाली त्यात एक लहानशी ओळ असते : ‘त्सेलरश्टांड’. नव्याने आलेल्या कुटुंबाचे लक्ष त्या घटकेला सामानाकडे, मुलांकडे आणि अपरिचित शेजाराकडे असते. ओळ कोरी राहते. वर्षभराने काहीशे युरोंच्या मागणीचे पत्र आले, म्हणजे तिची आठवण होते.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाकडून ही चूक सहज होते, कारण तेथील व्यवस्था निराळी आहे. महावितरणचा प्रतिनिधी मीटरचे छायाचित्र घेऊन जातो, महिन्याचे बिल येते आणि त्यावर मागील व चालू रीडिंग छापलेले असते. जर्मनीत बहुसंख्य घरांचे मीटर वर्षातून एकदाच वाचले जाते आणि ते वाचन अनेकदा ग्राहकालाच करावे लागते. दरमहा बँकेतून जाणारी रक्कम हे बिल नसून अंदाजावर ठरवलेला आगाऊ हप्ता असतो. म्हणून येथे मीटरचा आकडा हा ग्राहकाच्या हातातला पुरावा आहे, आणि तो जपण्याचे काम बऱ्याच अंशी त्याचेच आहे. हा पुरावा कामी आणायचा तर मीटरवरील, पत्रांतील आणि देयकातील शब्दांचा अर्थ ठाऊक हवा. त्यासाठी या लेखात त्या शब्दांची ओळख करून दिली आहे. जर्मन शब्द उच्चाराच्या शक्य तितक्या जवळ जाऊन देवनागरीत दिले आहेत.

शक्ती, ऊर्जा आणि ‘कार्य’

वीज या अर्थी जर्मन भाषेत ‘श्ट्रोम’ हा शब्द रूढ आहे. त्याचा मूळ अर्थ प्रवाह. आपण ‘लाइट गेली’ आणि ‘लाइटबिल आले’ असे म्हणतो, तसाच हा बोलण्यातील संकोच आहे. मीटर मात्र प्रवाह मोजत नाही. तो ऊर्जा मोजतो.

एखादे उपकरण कोणत्याही क्षणी किती वेगाने वीज वापरते ती त्याची शक्ती. तिला जर्मनमध्ये ‘लाइस्टुंग’ म्हणतात आणि ती वॅट किंवा किलोवॅटमध्ये सांगतात. ही शक्ती जितका वेळ वापरली त्या वेळेने तिला गुणले की ऊर्जा मिळते. तिचे एकक किलोवॅट-तास, जर्मनमध्ये ‘किलोवाटश्टुंडे’. आपण बोलताना ज्याला ‘युनिट’ म्हणतो ते हेच. दोन किलोवॅटची विजेची किटली अर्धा तास चालली तर एक युनिट खर्च होते. दहा वॅटचा दिवा तेच एक युनिट शंभर तास पुरवतो.

देयकात ऊर्जेला ‘आर्बाइट’ म्हटलेले आढळते आणि प्रतियुनिट दराला ‘आर्बाइट्सप्राइस’. व्यवहारात ‘आर्बाइट’ म्हणजे काम, नोकरी. त्यामुळे नवख्याला हा मजुरीचा दर वाटू शकतो. प्रत्यक्षात ही पदार्थविज्ञानातील ‘कार्य’ ही संज्ञा आहे. शाळेत शिकलेले कार्य, शक्ती आणि ऊर्जा हे तिन्ही शब्द येथे वीजदेयकावर भेटतात.

मोठ्या उद्योगांच्या बाबतीत आणखी एक राशी येते : ‘ब्लिंडआर्बाइट’, म्हणजे प्रतिक्रियात्मक ऊर्जा. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना शक्तिगुणांकाचा विचार करावा लागतो तो याच कारणाने. घरगुती ग्राहकाला जर्मनीत या ऊर्जेची आकारणी होत नाही. मीटरवर तिचा आकडा दिसला तरी काळजीचे कारण नाही.

मीटरच्या तीन पिढ्या

मीटरला जर्मनमध्ये ‘त्सेलर’ म्हणतात. शब्दशः अर्थ मोजणारा, गणक. आज जर्मन तळघरांत त्याच्या तीन पिढ्या शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

पहिली पिढी फेरारिस मीटरची. काळ्या पेटीत काचेआड फिरणारी अॅल्युमिनियमची चकती ही त्याची खूण. इटालियन शास्त्रज्ञ गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ च्या सुमारास फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व शोधले, त्यांच्यावरून हे नाव पडले. प्रत्यक्ष बाजारात चालेल असे प्रेरण मीटर बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये घडवले. त्याआधी बर्लिनमध्ये हेर्मान आरोन यांनी लंबकाच्या घड्याळावर चालणारे वीजमीटर बनवले होते. वीज विकायची तर ती मोजता आली पाहिजे, ही निकड त्या दशकात सर्वत्र जाणवत होती. बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग येथे १८८७ मध्ये राष्ट्रीय मापनसंस्था स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ होते. आजची ब्राउनश्वाइग येथील ‘फिजिकालिश-टेश्निशे बुंडेसआनश्टाल्ट’ ही तिचीच वारस.

फेरारिस मीटरवर ‘७५ फेरे प्रति किलोवॅट-तास’ असा मजकूर असतो. आकडा मीटरनुसार बदलतो. त्यावरून घरातील तत्कालीन वापर काढता येतो. ७५ फेऱ्यांच्या मीटरची चकती एक फेरा २४ सेकंदांत पूर्ण करत असेल तर घरात त्या वेळी दोन किलोवॅट शक्ती वापरली जात आहे. छत्तीस लाखांना फेऱ्यांच्या संख्येने आणि सेकंदांनी भागले की उत्तर वॅटमध्ये येते.

दुसरी पिढी ‘मोडेर्ने मेसआइनरिश्टुंग’, म्हणजे आधुनिक मापनयंत्र. हे डिजिटल मीटर आहे, परंतु ते आकडे कोणाकडेही पाठवत नाही. वाचन पूर्वीसारखे डोळ्यांनीच करायचे. त्यात मागील दिवस, आठवडा, महिना आणि वर्ष यांचा वापर साठवलेला असतो. अनेक मीटर सामायिक तळघरात असल्याने हा तपशील चार अंकी सांकेतिक क्रमांकामागे झाकलेला असतो. क्रमांक मीटरचालकाकडून मागवायचा आणि विजेरीचा प्रकाश मीटरच्या संवेदकावर ठरावीक वेळा पाडून तो भरायचा. पद्धत विचित्र वाटते, पण तिच्यामुळे आपण सुट्टीवर गेलो आहोत हे शेजाऱ्याला मीटर पाहून कळत नाही. अशा मीटरवर चकतीऐवजी लुकलुकणारा दिवा असतो आणि ‘१०,००० स्पंदने प्रति किलोवॅट-तास’ असा काहीसा मजकूर. महाराष्ट्रातील इलेक्ट्रॉनिक मीटरवरही अशी स्पंदनसंख्या छापलेली असते.

तिसरी पिढी ‘इंटेलिगेंटेस मेससिस्टेम’. आधुनिक मीटरला ‘स्मार्ट मीटर गेटवे’ नावाचा संदेशवहन करणारा भाग जोडला की ही प्रणाली होते. पत्रात ‘मोडेर्ने’ लिहिले आहे की ‘इंटेलिगेंटेस’, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. या गेटवेला बॉन येथील संघीय माहिती-सुरक्षा कार्यालयाचे प्रमाणपत्र लागते आणि या अटीपायी जर्मनीतील स्मार्ट मीटरची वाटचाल मंदावली. मूळ कायदा, ‘मेसश्टेलेनबेट्रीब्सगेझेत्स’, २०१६ मध्ये आला. २०२० मध्ये मीटर बसवण्याची सक्ती जाहीर झाली, परंतु म्युन्स्टर येथील उच्च प्रशासकीय न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तिला अंतरिम स्थगिती दिली. मे २०२३ मध्ये नवा कायदा करून कामाला पुन्हा गती द्यावी लागली.

आजच्या नियमांनुसार वर्षाला ६,००० युनिटांहून अधिक वापर, सात किलोवॅटहून मोठी सौरयंत्रणा, किंवा उष्णतापंप आणि विद्युतमोटारीचा चार्जर यांसारखी नियंत्रणयोग्य उपकरणे असतील तेथे स्मार्ट मीटर सक्तीचे आहे. अशा ठिकाणांपैकी ९५ टक्क्यांवर ते २०३० च्या अखेरीस पोहोचावे असे उद्दिष्ट आहे. उरलेल्या घरांत २०३२ पर्यंत किमान आधुनिक डिजिटल मीटर बसेल. ग्राहकाला हा बदल नाकारता येत नाही. मात्र किमान तीन महिने आधी त्याची लेखी सूचना मिळाली पाहिजे. मीटरच्या वार्षिक शुल्कालाही कायद्याने कमाल मर्यादा आहे. आधुनिक मीटरसाठी ती पूर्वी २० युरो होती, २०२५ पासून २५ युरो आहे.

मीटर बदलले जाते त्या दिवशी जुन्या मीटरचा अखेरचा आणि नव्याचा पहिला आकडा यांचे छायाचित्र काढून ठेवावे. जुने मीटर एकदा गेले की वादात दाखवायला दुसरे काही उरत नाही.

मीटरवरचे आकडे कसे वाचावेत

मीटरवर त्या क्षणी दिसणारा एकूण आकडा म्हणजे ‘त्सेलरश्टांड’, आपले ‘रीडिंग’. वाचनाच्या क्रियेला ‘आबलेझुंग’ म्हणतात.

जुन्या मीटरवर स्वल्पविरामानंतरचा, बहुधा लाल चौकटीतला अंक दशांश असतो. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, हे विसरल्यामुळे मोठे घोटाळे होतात. मीटरवर १२३४५,६ असताना कोणी १२३४५६ असे कळवले, तर वापर एका रात्रीत दसपटीच्या हिशेबात जातो. कळवताना स्वल्पविरामाआधीचे अंक तेवढे द्यावेत.

डिजिटल मीटरवर आकड्याआधी एक संकेत झळकतो. हे संकेत आंतरराष्ट्रीय आहेत. त्यांतील तीन ओळखता आले तरी पुरे :

– १.८.० : जाळ्यातून घरात घेतलेली एकूण ऊर्जा. देयकासाठी हाच आकडा.
– १.८.१ आणि १.८.२ : दोन दरांचे मीटर असल्यास त्या दोन काळांतील वेगवेगळा वापर. दिवसाच्या चढ्या दराला ‘होखटारिफ’ आणि रात्रीच्या उतरत्या दराला ‘नीडरटारिफ’ म्हणतात. दोन्ही आकडे कळवावे लागतात आणि त्यांची अदलाबदल होणार नाही याची दक्षता घ्यावी लागते.
– २.८.० : घराने जाळ्याला दिलेली ऊर्जा. सौरयंत्रणा असेल तरच याचा उपयोग.

क्रमांक तीन, अर्थ तीन

‘त्सेलरनुमर’ हा यंत्राचा क्रमांक. तो मीटरवर कोरलेला असतो आणि मीटर बदलले की बदलतो.

‘मार्क्टलोकात्सिओन’ क्रमांक अकरा अंकी असतो. आपले घर वीजबाजारात ज्या क्रमांकाने ओळखले जाते तो हा. मीटर किंवा विक्रेता बदलला तरी तो कायम राहतो. वीजदेयकावर तो छापलेला असतो आणि विक्रेता बदलताना तो हाताशी असल्यास काम विनाविलंब होते. ‘मेसलोकात्सिओन’ क्रमांक तेहतीस चिन्हांचा असून मापनाच्या जागेचा निर्देश करतो. ग्राहकाला त्याची गरज क्वचित पडते. या दोन्ही ओळखी २०१८ मध्ये प्रचारात आल्या.

महावितरणच्या बारा अंकी ग्राहक क्रमांकाशी यांची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु जर्मनीतील ‘कुंडननुमर’, म्हणजे ग्राहक क्रमांक, केवळ त्या विक्रेत्यापुरता असतो. विक्रेता बदलला की तो निरर्थक ठरतो.

बहुमजली इमारतीत सर्व मीटर तळघरात एका ओळीत असतात. आपल्या करारावरील त्सेलरनुमर आणि आपल्या घराला खरोखर जोडलेले मीटर एकच आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात तपासून घ्यावे. घरातील वीजपेटीतले सर्व खटके काही मिनिटांसाठी बंद करावेत आणि खाली मीटर पाहावे. चकती थांबली किंवा दिवा लुकलुकायचा राहिला तर मीटर आपले. चकती फिरतच असेल तर आपण शेजाऱ्याचा वापर भरत असण्याची शक्यता आहे. घरमालकाला आणि मीटरचालकाला लेखी कळवावे. मोहोरबंद भागाला मात्र हात लावू नये. ती मोहोर, ‘प्लोम्बे’, तोडणे हा गुन्हा ठरू शकतो.

चार पक्ष

महाराष्ट्रातील बहुतेक भागात वीज विकणारी, तारा सांभाळणारी आणि मीटर वाचणारी संस्था एकच असते. जर्मनीत ही कामे वेगळी केलेली आहेत. कोणत्या कामासाठी कोणाला लिहायचे, हे यावर ठरते.

‘लीफेरांट’ म्हणजे विक्रेता. करार त्याच्याशी होतो, पैसे त्याला जातात, देयक तो पाठवतो. त्याची निवड ग्राहक करतो.

‘नेट्सबेट्राइबर’ म्हणजे तारा आणि रोहित्रे सांभाळणारा जाळेचालक. तो भूभागानुसार ठरलेला असतो. त्याची निवड करता येत नाही. वीज गेली तर विचारणा त्याच्याकडे.

‘मेसश्टेलेनबेट्राइबर’ म्हणजे मीटरचालक. मीटर त्याचे असते; घरमालकाचे नव्हे. बहुधा जाळेचालकच हे काम पाहतो, पण ग्राहक इच्छेनुसार स्वतंत्र मीटरचालक नेमू शकतो.

‘ग्रुंडफेरझोर्गर’ म्हणजे त्या भागातील मूळ पुरवठादार. एखाद्या भागात सर्वाधिक घरगुती ग्राहक ज्या विक्रेत्याकडे असतात, त्याच्यावर कायद्याने ही जबाबदारी येते. करार न करता नव्या घरात दिवा लावला, तरी वीज मिळते. कारण त्या क्षणापासून या पुरवठादाराशी आपोआप करार झालेला असतो. ही सोय मोलाची आहे, पण तिचा दर सहसा चढा असतो. दिलाशाची गोष्ट अशी की, हा करार दोन आठवड्यांच्या सूचनेने संपवता येतो.

देयकातील शब्द

‘ग्रुंडप्राइस’ म्हणजे वापराशी संबंध नसलेली ठरावीक रक्कम. महावितरणच्या बिलातील ‘स्थिर आकार’ तो हाच. ‘आर्बाइट्सप्राइस’ हा प्रतियुनिट दर. आपला ‘वीज आकार’. ‘नेट्सएंटगेल्ट’ हे जाळ्याच्या वापराचे शुल्क. आपल्या ‘वहन आकारा’चा भाऊबंद. ‘श्ट्रोमश्टॉयर’ हा वीजकर घरगुती ग्राहकांसाठी प्रतियुनिट २.०५ सेंट आहे. ‘कोंत्सेसिओन्सआबगाबे’ म्हणजे रस्त्यांखालून तारा नेण्याबद्दल नगरपालिकेला मिळणारी रक्कम. एकूण बेरजेवर १९ टक्के ‘मेयरवेर्टश्टॉयर’, म्हणजे मूल्यवर्धित कर. अक्षय ऊर्जेसाठीचा ‘ईईजी उमलागे’ हा अधिभार १ जुलै २०२२ पासून आकारला जात नाही. जुन्या देयकांत तो दिसेल.

एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. महाराष्ट्रात शंभर, तीनशे, पाचशे युनिटांचे टप्पे असतात आणि वापर वाढला की वरच्या युनिटांचा दर चढतो. जर्मनीतील सर्वसाधारण करारात असे टप्पे नसतात. पहिले युनिट आणि तीन हजारावे युनिट एकाच दराचे. त्यामुळे कमी वापरणाऱ्या एकट्या माणसाने ग्रुंडप्राइस कमी असलेला करार निवडावा, मोठ्या कुटुंबाने आर्बाइट्सप्राइस कमी असलेला.

दरमहा जाणारा हप्ता म्हणजे ‘आबश्लाग’. मागील वर्षाच्या वापरावरून, किंवा नव्या ग्राहकाच्या बाबतीत घरातील माणसांच्या संख्येवरून, तो ठरवला जातो. वर्षाअखेरीस ‘यारेसआबरेश्नुंग’, म्हणजे वार्षिक हिशेब, येतो. कमी भरले असेल तर ‘नाखत्सालुंग’, म्हणजे उरलेली रक्कम भरायची. जास्त भरले असेल तर ‘गूटहाबन’, म्हणजे शिल्लक परत.

उदाहरणादाखल सोयीचे आकडे घेऊ. ग्रुंडप्राइस महिन्याला १२ युरो, आर्बाइट्सप्राइस ३५ सेंट, वर्षाचा वापर २,४०० युनिट. ठरावीक रक्कम १४४ युरो, विजेची ८४० युरो, एकूण ९८४ युरो. आबश्लाग दरमहा ६० युरो असेल तर वर्षभरात ७२० भरले गेले. नाखत्सालुंग २६४ युरो. शिवाय पुढील हप्ता ८२ युरोंच्या आसपास चढेल. कुटुंबाने काही चूक केलेली नाही. हप्ताच मुळात कमी ठरला होता. तो कमी ठेवून ग्राहक आकर्षित करण्याचे प्रकारही होतात. म्हणून तीन महिन्यांनी स्वतः मीटर वाचावे, वापराला चाराने गुणावे आणि हप्ता जुळतो का ते पाहावे. जुळत नसेल तर तो वाढवण्याची वा घटवण्याची विनंती करता येते.

हिशेबाचे पत्र हिशेबकाळ संपल्यापासून सहा आठवड्यांत आले पाहिजे. गूटहाबन निघाले तर विक्रेत्याने ते पुढील हप्त्यात वळते करावे किंवा दोन आठवड्यांत परत द्यावे, असा नियम आहे.

आणखी एक सावधगिरी. ‘वार्ममीटे’ म्हणजे उष्णतेसह भाडे. त्यात वीज असतेच असे नाही, बहुधा नसते. खोलीतील हीटरवर लावलेले लहानसे यंत्र, ‘हाइत्सकोस्टेनफेरटाइलर’, हे वीजमीटर नव्हे. त्यावरील आकडे किलोवॅट-तास नसून इमारतीचा उष्णतेचा खर्च घराघरांत वाटण्याचे केवळ प्रमाण आहे, आणि त्याचा हिशेब घरमालक करतो.

वाचलेले, कळवलेले, अंदाजलेले

वार्षिक हिशेबात प्रत्येक आकड्यापुढे तो कसा मिळाला हे लिहिलेले असते. मीटरचालकाने वाचला, ग्राहकाने कळवला, की ‘गेशेत्स्ट’, म्हणजे अंदाजाने धरला. हा शेवटचा शब्द दिसला की थांबून मीटर पाहावे.

अंदाज हवेतून काढलेला नसतो. वर्षातून एकदाच वाचल्या जाणाऱ्या घरांसाठी ‘श्टांडार्डलास्टप्रोफिल’, म्हणजे प्रमाणित भारवक्र, वापरतात. सामान्य घर कोणत्या ऋतूत, दिवसाच्या कोणत्या पावतासाला किती वीज घेते याचा तो सरासरी आराखडा आहे. परंतु डिसेंबरमध्ये महिनाभर पुण्याला जाऊन आलेले कुटुंब त्या वक्रात बसत नाही, आणि नव्या बाळासाठी दिवसरात्र कपडे धुणारे घरही बसत नाही. अंदाज चुकीचा वाटल्यास मीटरच्या तारखेसह काढलेले छायाचित्र जोडून दुरुस्ती मागावी. वापर फारच मोठा असलेल्या, वर्षाला एक लाख युनिटांहून अधिक वीज घेणाऱ्या ग्राहकांचे मीटर मात्र दर पंधरा मिनिटांची नोंद स्वतःच करते.

स्मार्ट मीटरमुळे घरांनाही ही सूक्ष्म नोंद मिळते आणि ‘डिनामिशर टारिफ’, म्हणजे बाजारभावानुसार बदलणारा दर, शक्य होतो. १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक विक्रेत्याला असा दर देऊ करणे बंधनकारक आहे. ज्यांच्याकडे मोटार चार्ज करण्याची वेळ निवडण्याची मुभा आहे त्यांना तो लाभदायक ठरू शकतो. संध्याकाळी सात वाजता सगळा स्वयंपाक विजेच्या शेगडीवर करणाऱ्या घराने आधी हिशेब करावा.

अचूकता आणि शंका

मीटरच्या अचूकतेला कायद्याची मुदत आहे. तिला ‘आइशफ्रिस्ट’ म्हणतात. फेरारिस मीटरसाठी ती १६ वर्षे, इलेक्ट्रॉनिक मीटरसाठी साधारणतः ८ वर्षे. त्यानंतर एकाच जातीच्या मीटरांतील काही नमुने तपासून ते योग्य ठरले तर संपूर्ण गटाची मुदत वाढवता येते. त्यामुळे जुने मीटर दिसले म्हणजे ते बेकायदा असे नव्हे. युरोपीय प्रमाणचिन्हाशेजारी चौकटीतील ‘एम’ अक्षर आणि दोन अंक असतात. ते मीटरच्या प्रमाणीकरणाचे वर्ष सांगतात.

मीटरच चुकीचे धावते अशी शंका असेल तर ‘बेफुंडप्रूफुंग’ मागता येते. म्हणजे मापनविभागाकडून किंवा शासनमान्य केंद्राकडून मीटरची अधिकृत तपासणी. चूक कायद्याने ठरवलेल्या मर्यादेबाहेर निघाली तर खर्च ग्राहकावर पडत नाही. मर्यादेत निघाली तर तो ग्राहकाला भरावा लागतो. म्हणून आधी साध्या गोष्टी पडताळाव्यात : दशांश, त्सेलरनुमर, अंदाजित आकडा, जुना फ्रीज, विजेवर तापणारे पाणी. मीटर चुकल्याचे सिद्ध झाले आणि चुकीचा काळ निश्चित करता आला, तरी मूळ पुरवठ्याच्या नियमांत मागील दुरुस्तीची मर्यादा कमाल तीन वर्षे आहे.

देयकाबाबतची तक्रार प्रथम विक्रेत्याकडे लेखी करावी. त्याला उत्तरासाठी चार आठवडे असतात. समाधान झाले नाही तर बर्लिन येथील ‘श्लिश्टुंग्सश्टेले एनर्गी’ या लवादाकडे जाता येते. घरगुती ग्राहकाला त्याचे शुल्क नाही. पत्र समजून घेण्यासाठी आपल्या राज्यातील ‘फेरब्राउखरत्सेंट्राले’, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्र, उपयोगी पडते.

परतीची वीज

सौरयंत्रणा असलेल्या घरात ‘त्स्वायरिश्टुंग्सत्सेलर’, म्हणजे दुहेरी दिशेचे मीटर, लागते. घेतलेली आणि दिलेली वीज ते वेगळी नोंदवते. महाराष्ट्रात नेट मीटरिंगमध्ये दिलेली युनिटे घेतलेल्या युनिटांतून वजा होतात. जर्मनीत तसे होत नाही. घेतलेल्या विजेला पूर्ण दर आणि दिलेल्या विजेला त्याहून बराच कमी, कायद्याने ठरलेला मोबदला. म्हणून येथे छपरावरची वीज घरातच वापरण्यात शहाणपण मानतात.

भाडेकरूंमध्ये आता ‘बाल्कोनक्राफ्टवेर्क’ लोकप्रिय झाले आहे. सज्ज्यातील एक-दोन सौरपट्ट्या सरळ प्लगला जोडायच्या. मे २०२४ पासून त्यासाठी ८०० व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा इन्व्हर्टर आणि एकूण २,००० वॅटपर्यंतच्या पट्ट्या यांना सुलभ नियम लागू आहेत. ‘मार्क्टश्टामडाटेनरेगिस्टर’ या केंद्रीय नोंदवहीत नाव घातले की पुरते. जुन्या फेरारिस मीटरला उलट फिरण्यापासून रोखणारी ‘रुकलाउफश्पेरे’ ही कळ नसेल तर चकती मागे फिरू शकते. नवे मीटर बसेपर्यंत कायदा ही अवस्था तात्पुरती चालवून घेतो.

घर बदलताना

६ जून २०२५ पासून एक नियम बदलला आहे आणि तो स्थलांतर करणाऱ्या प्रत्येकाला लागू पडतो. विक्रेता बदलण्याची तांत्रिक प्रक्रिया आता कामाच्या दिवसांत चोवीस तासांत पूर्ण होते. त्याच वेळी, घरात येण्याची वा घर सोडण्याची मागील तारखेने नोंद करण्याची सवलत बंद झाली. पूर्वी सहा आठवड्यांपर्यंत उशीर चालत असे. आता उशिरा कळवले तर येणाऱ्याला मधले दिवस मूळ पुरवठादाराच्या चढ्या दराने काढावे लागतात, आणि जाणाऱ्यावर घर सोडल्यानंतरच्या विजेचा भार पडू शकतो.

म्हणून घर ठरताच विक्रेत्याशी करार करावा किंवा जुना करार नव्या पत्त्यावर नेता येतो का ते विचारावे. किल्ली घेताना आणि देताना मीटरचे छायाचित्र काढावे. त्यात त्सेलरनुमर आणि आकडा दोन्ही एकत्र दिसावेत. तोच आकडा यूबरगाबेप्रोटोकोलमध्ये लिहून दोघांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात. भारतात कायमचे परतणाऱ्यांनी अंतिम हिशेब येईपर्यंत जर्मन बँक खाते सुरू ठेवावे आणि विक्रेत्याला भारतातील पत्ता द्यावा. आबश्लागांतून साठलेले गूटहाबन अनेकदा मिळते. ते स्वीकारायला खाते उघडे हवे. नाखत्सालुंग निघाली तर तिचे पत्रही ज्याच्या नावाचे आहे त्याच्या हाती पडायला हवे, रिकाम्या घराच्या पत्रपेटीत नव्हे.